क्रेमरच्या नियमाने उत्तर चुकतंय, आकडेमोड तीनदा तपासली, घोळ नक्की कुठे आहे?

खाडाखोड

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी गणित परत हातात घेतलंय (एक परीक्षा द्यायचीये, वय विचारू नका) आणि क्रेमरच्या नियमावर (समीकरणं सूत्राने सोडवायची एक पद्धत) येऊन अडकलेय. दोन चलांची गणितं पटापट सुटतात, म्हणून जरा हवेत होते, तीन चलांचं पहिलंच घेतलं आणि गाडी रुतली. एक्स वाय झेड ऐवजी क्ष, य, झ लिहितेय, चालवून घ्या.

२क्ष + य − झ = १
क्ष − ३य + २झ = १
३क्ष + २झ = य + ७

तिसऱ्यात य उजवीकडे होता तो डावीकडे आणला, म्हणजे ३क्ष + २झ − य = ७ झालं, मग सगळे सहगुणक (चलांपुढचे आकडे) उचलून डिटरमिनंट (चौकोनात मांडलेल्या आकड्यांतून ठरावीक रीतीने निघणारी एक संख्या) मांडला:

| २   १   −१ |
| १   −३   २ |
| ३   २   −१ |

पहिल्या ओळीवरून उलगडला: २(३ − ४) − १(−१ − ६) + (−१)(२ + ९) = −२ + ७ − ११ = −६. म्हणजे डी = −६. मग पहिल्या कॉलमच्या जागी १, १, ७ घालून डी-क्ष = −९ आलं, दुसऱ्याच्या जागी घालून डी-य = −२७, तिसऱ्याच्या जागी घालून डी-झ = −३९. म्हणून क्ष = ३/२, य = ९/२, झ = १३/२.

पुस्तकाच्या मागे उत्तर आहे १, २, ३. तीनदा केलं, एकदा तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदावर केलं, तरी हेच येतं. पुस्तकात छपाईची चूक आहे का?

आणि अजून दोन शंका, आता विचारतेच आहे तर. एक म्हणजे क्ष + २य = ४ आणि ३क्ष + ६य = १२ या जोडीत डी पण शून्य, डी-क्ष पण शून्य आणि डी-य पण शून्य येतं, मग ०/० म्हणजे १ धरायचं का? आणि दुसरी शंका जरा बावळट वाटेल पण हा नियम चालतो कसा? एक कॉलम काढून तिथे उजवीकडचे आकडे घातले की भागाकारातून बरोब्बर उत्तर बाहेर पडतं, हे मला अजून हातचलाखीसारखं वाटतं.

ताळाकर

पुस्तक बरोबर आहे. पण तुझी आकडेमोडसुद्धा बरोबर आहे, म्हणूनच तीनदा करून तीनदा तेच आलं, तीसदा केलं असतंस तरी तेच आलं असतं.

अशा वेळी डिटरमिनंट परत परत सोडवत बसायचं नाही, आधी ताळा करायचा, आणि तो मूळ समीकरणांत, आपण मांडलेल्या कोष्टकात नाही. तुझी उत्तरं दशांशात १.५, ४.५, ६.५. पहिल्यात घाल: ३ + ४.५ − ६.५ = १, बसलं. दुसऱ्यात: १.५ − १३.५ + १३ = १, हेही बसलं. तिसऱ्यात डावीकडे ४.५ + १३ = १७.५ आणि उजवीकडे ४.५ + ७ = ११.५. इथे फाटलं.

आता बघ, आकडेमोडीत चूक असती तर बहुतेक तिन्ही समीकरणं बिघडली असती. दोन तंतोतंत बसतायत आणि एकच फाटतंय म्हणजे तू समीकरणं सोडवलीस बरोबर, फक्त तिसरं समीकरण दुसरंच कुठलंतरी सोडवलंस. तुझी तिसरी ओळ ३, २, −१ आहे. ही ओळ ज्या समीकरणाची आहे ते म्हणजे ३क्ष + २य − झ = ७, आणि त्यात तुझी उत्तरं घालून बघ, ४.५ + ९ − ६.५ = ७, एकदम फिट्ट. तू ३क्ष + २झ − य असं लिहिलंस आणि ज्या क्रमाने दिसले त्याच क्रमाने आकडे उचललेस. झचा २ यच्या कॉलमात जाऊन बसला आणि यचा −१ झच्या कॉलमात.

हे गणित मुद्दाम तसंच घातलेलं असतं बरं का. य उजवीकडे टाकायचा आणि झ आधी लिहायचा, दोन सापळे एकाच ओळीत.

खाडाखोड

अर्र्र. तिन्ही वेळा तीच ओळ वहीतून वहीत उतरवत होते, मूळ प्रश्नाकडे पाहिलंच नाही. थांबा करते.

तिसरी ओळ आता ३, −१, २.

डी = २(−६ + २) − १(२ − ६) + (−१)(−१ + ९) = −८ + ४ − ८ = −१२
डी-क्ष = १(−६ + २) − १(२ − १४) + (−१)(−१ + २१) = −४ + १२ − २० = −१२
डी-य = २(२ − १४) − १(२ − ६) + (−१)(७ − ३) = −२४ + ४ − ४ = −२४
डी-झ = २(−२१ + १) − १(७ − ३) + १(−१ + ९) = −४० − ४ + ८ = −३६

१, २, ३!! तिसऱ्यात पण घालून बघितलं, ३ + ६ = ९ आणि २ + ७ = ९. ताळाकर, मनापासून आभार. छपाईच्या चुकीचा आरोप मागे घेतला.

उणेचिन्ह

छान. मी एवढंच जोडेन की समीकरणं आधी एकाखाली एक, क्षखाली क्ष, यखाली य, झखाली झ अशी पाटीवर लिहिल्यासारखी लिहून काढायची आणि एखाद्या समीकरणात चल नसेलच तर तिथे स्पष्ट ० लिहायचा, जागा मोकळी सोडायची नाही. मी एका पेपरात क्ष + झ = ४ ची ओळ १, १ एवढीच लिहून तिसऱ्या घरात ४ टाकला होता. वर ठामपणे उत्तराला चौकट पण केली होती.

दुसरं म्हणजे मधल्या पदाचं उणे. पहिल्या ओळीवरून उलगडताना चिन्हं अधिक, उणे, अधिक अशी, आणि हे उणे आतल्या आकड्याच्या स्वतःच्या चिन्हापेक्षा वेगळं. म्हणजे मधला आकडाच −५ असेल तर −(−५) होऊन +५ होतं. तुझ्या गणितात मधला १ होता म्हणून वाचलीस.

आणि कोणीतरी तुला सारस नावाच्या गणितज्ञाची तिरकी पद्धत शिकवेल, पहिले दोन कॉलम शेजारी परत लिहायचे आणि तीन तिरपे गुणाकार अधिक, तीन तिरपे उणे. मस्त आहे, वापर, पण फक्त ३ बाय ३ ला. ४ बाय ४ च्या डिटरमिनंटमध्ये २४ पदं असतात आणि तिरक्या रेघांनी ८ च मिळतात. उरलेली १६ कुठे गेली म्हणून मग डोकं खाजवत बसावं लागतं.

घाईघाईत

दुसऱ्या शंकेचं उत्तर सोप्पंय. डी शून्य नसेल तर एकच उत्तर. डी शून्य आणि बाकीच्यांपैकी एखादा जरी शून्य नसेल तर उत्तरच नाही. सगळेच शून्य तर अनंत उत्तरं. पाठ करून टाक, विषय संपला.

आकडेमोडकाका

घाईघाईत, तुझ्या नावाला जागलास बाबा. पहिली दोन वाक्यं बरोबर, तिसरं दोन चलांपर्यंत ठीक (तेही सहगुणक सगळेच शून्य नसतील तर), तीन चलांत ते चालत नाही. आणि हे असंच पाठ केलेली मंडळी मला इतकी भेटलीत की आता राग पण येत नाही.

हे बघ:

क्ष + य + झ = १
क्ष + य + झ = २
क्ष + य + झ = ३

डी मध्ये तिन्ही कॉलम सारखेच, १, १, १, म्हणून डी शून्य. डी-क्ष मध्ये पहिला कॉलम १, २, ३ पण दुसरा आणि तिसरा सारखे, म्हणून तोही शून्य. तसेच बाकीचे दोन. चारही शून्य. आणि आता सांग, एकच बेरीज १ पण, २ पण आणि ३ पण, अशी कुठली तीन संख्या आणणार आहेस? अनंत सोड, एकही उत्तर नाही. चित्र काढायचं तर हे तीन समांतर सपाट पृष्ठभाग आहेत, एकावर एक मजले असावेत तसे, कुठेच भेटत नाहीत.

तर खाडाखोड, ०/० ला १ अजिबात धरायचं नाही, ते काहीच धरायचं नाही. नियम सुरू होण्याआधी एक अट आहे, डी शून्य नसला पाहिजे. तो शून्य आला की नियमाने हात वर केले असं समजायचं आणि मूळ समीकरणांकडे परत जायचं. तुझ्या जोडीत दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचीच तिप्पट, ३ ने भागलंस की परत क्ष + २य = ४. दोन समीकरणं नाहीतच, एकच आहे, दोनदा लिहिलंय. म्हणून य ला वाटेल ती किंमत दे, समजा त, मग क्ष = ४ − २त. उत्तर असं लिहायचं. त = ० ला (४, ०), त = १ ला (२, १), आणि असं कितीही.

आता उजवीकडे १२ ऐवजी १० कर. डी अजूनही शून्य, पण डी-क्ष = ४ × ६ − २ × १० = ४. डावीकडे तिप्पट झाली आणि उजवीकडे तिप्पट झाली नाही, म्हणजे दोन समांतर रेषा, उकल नाही. बस्स, एवढंच आहे ते.

तीन चलांत सगळे शून्य आले तर एक एक चल काढून टाकत जायचं. ० = ० असं उरलं तर अनंत उत्तरं, ० = १ सारखं काही उरलं तर एकही नाही. त्याला शॉर्टकट नाही.

घाईघाईत

काका __/\__ मला खरंच वाटायचं तीनला पण तेच लागू होतं. वरचं खोडत नाही, राहू दे, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

खाडाखोड

काका खूप छान समजावलंत, मजल्यांचं चित्र एकदम डोक्यात बसलं. आता ती हातचलाखी कोणीतरी उलगडून दाखवा ना, नाहीतर मी परीक्षेत सूत्र लिहीन आणि मनातून खट्टू राहीन.

आकडेमोडकाका

आधी दोन चलांचं, कारण ते तुला येतंच फक्त तसं नाव दिलेलं नसतं. अक्षरं घेऊया:

अ·क्ष + ब·य = प
क·क्ष + ड·य = फ

य घालवायचाय. पहिल्याला ड ने गुण, दुसऱ्याला ब ने गुण, वजा कर. यचं पद दोन्हीकडे ब·ड झालं, गेलं. उरलं (अड − बक)·क्ष = पड − बफ. डावीकडच्या कंसाकडे बघ, तो डी आहे. उजवीकडे बघ, अ च्या जागी प आणि क च्या जागी फ घातल्यावर तोच डिटरमिनंट, म्हणजे डी-क्ष. शाळेत चल घालवायची जी पद्धत करत होतीस तीच एकदा अक्षरांत करून ठेवली आणि निकालाला नाव दिलं.

तीन चलांना असं गुणाकार करून दाखवता येतं पण पानभर पसारा होतो आणि शेवटी कळत काहीच नाही. त्यापेक्षा कॉलमवरून बघ, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा जरा चिडलो होतो की हे आधी कोणी का नाही सांगितलं.

तुझंच गणित घे. उत्तर १, २, ३ आहे हे आता माहितीये. उजवीकडचा कॉलम १, १, ७ हा आला कुठून? तो म्हणजे क्षचा कॉलम एकदा + यचा कॉलम दोनदा + झचा कॉलम तीनदा. तपास हवं तर: वरची ओळ २ + २ − ३ = १, मधली १ − ६ + ६ = १, खालची ३ − २ + ६ = ७. तीन समीकरणं म्हणजे हेच वाक्य तीन ओळींत तोडून लिहिलेलं असतं, की या तीन कॉलमांचं किती किती घेतलं म्हणजे उजवीकडचा कॉलम तयार होतो.

आता डी-य कर. यचा कॉलम काढून तिथे हा मिश्र कॉलम ठेवला. त्या मिश्रणात क्षचा कॉलम एक पट आहे, पण क्षचा कॉलम शेजारी आधीच उभा आहे. दोन कॉलम सारखे असले की डिटरमिनंट शून्य, म्हणून मिश्रणातला क्षचा वाटा फुकट गेला. झचा वाटा तिप्पट होता, तोही त्याच कारणाने फुकट. उरला फक्त यचा वाटा, दोन पट. एक कॉलम दुप्पट केला की अख्खा डिटरमिनंट दुप्पट होतो. म्हणून डी-य = २ × डी. तुझे आकडे बघ, −२४ आणि −१२. भागिले की २. हेच य.

तर उजवीकडचा कॉलम यच्या जागी बसवला की डिटरमिनंट बाकी सगळ्यांना गाळतो आणि फक्त यचं माप सांगतो. आणि डी शून्य आला तर का हात वर करायचे तेही इथेच दिसतं, डी-य = य × डी हे तेव्हाही खरंच असतं, पण डी च शून्य असल्यावर य काहीही असला तरी उजवीकडे शून्यच, मग त्यातून य परत काढणार कसा.

खाडाखोड

काका, मी हे दोनदा वाचलं आणि मग डी-झ साठी स्वतः कागदावर केलं. −३६ म्हणजे ३ × −१२. आता हातचलाखी वाटत नाहीये. गाळणी लक्षात राहील.

रात्रपाळी

सगळं छान चाललंय पण कोणीतरी वाईट बातमी द्यायला पाहिजे म्हणून मी देतो. ही पद्धत कागदावर तीन चलांपर्यंत देखणी आहे, त्याच्या पुढे तिच्या नादी लागू नका. मी दिवसभर (म्हणजे रात्रभर) कोडच लिहितो आणि सुरुवातीला हौसेने क्रेमरचा नियम प्रोग्रॅममध्ये घातला होता, डिटरमिनंट वर दाखवलाय तसाच ओळीवरून उलगडत जाणारा. ५ चलांना पटकन उत्तर, ८ ला पटकन, १२ ला पंखा जोरात फिरायला लागला आणि १५ ला मी चहा घ्यायला गेलो तो परत येऊनही ते चालूच.

कारण असंय की २० चलांच्या एका डिटरमिनंटमध्ये २० फॅक्टोरियल (१ ते २० सगळ्या आकड्यांचा गुणाकार) पदं असतात, म्हणजे २४३२९०२००८१७६६४०००० पदं. सेकंदाला एक अब्ज पदं मोजणारं मशीन घेतलं तरी ७७ वर्षं लागतात, आणि क्रेमरला असे २१ डिटरमिनंट लागतात. तेच गणित एक एक चल घालवत केलं (गाउसची पद्धत) तर गुणाकार-भागाकार मिळून ३००० च्या आसपास. तीन हजार. हे वाचून मी त्या दिवशी तो कोड डिलीट केला.

उणेचिन्ह

तुझ्या म्हणण्यात थोडी गल्लत आहे. दोष क्रेमरचा कमी आणि डिटरमिनंट उलगडून काढण्याचा जास्त. डिटरमिनंट पण ओळी वजा करत करत वरच्या त्रिकोणात (कर्णाखाली सगळे शून्य) आणता येतो, मग कर्णावरच्या आकड्यांचा गुणाकार की झालं, त्याला फॅक्टोरियल लागत नाही (ओळींची अदलाबदल केलीस तर दर वेळी चिन्ह उलटतं तेवढं लक्षात ठेवायचं).

रात्रपाळी

बरोबर, मान्य. पण मग ओळी वजा करून त्रिकोणात आणलाच आहेस तर खालून वर एक एक चल काढत ये ना, उत्तर तिथेच समोर आहे, परत एकवीस वेळा तेच कशाला?

दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. डी शून्य नाही म्हणजे सगळं आलबेल असं समजू नका. हे बघा:

क्ष + य = २
क्ष + १.०००१य = २.०००१

डी = ०.०००१, शून्य नाही, उत्तर (१, १). आता दुसऱ्याची उजवी बाजू २.०००१ च्या ऐवजी २.०००२ करा, म्हणजे चौथ्या दशांशात एकाने बदल. डी-क्ष = २ × १.०००१ − २.०००२ = ०. क्ष = ०, य = २. ताळा करा, बसतं. आकडा बदलला केवढासा आणि उत्तर (१, १) वरून (०, २) वर. दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर पडलेल्या आहेत, त्यामुळे एक जरा हलली की छेदबिंदू लांब सरकतो. हे आकडे मोजपट्टीने किंवा सेन्सरने मोजून आलेले असतील तर असलं उत्तर घेऊन करायचं काय.

आणि आता कोणी लगेच म्हणू नका की मग डी लहान म्हणजे वाईट. दहा चलांची साधी सरळ समीकरणं घ्या आणि प्रत्येकाला ०.१ ने गुणा, उत्तरं तीच राहतात पण डी एक हजार कोटी पटींनी लहान होतो. डीच्या आकारावरून एकट्याने काहीच कळत नाही, ओळी एकमेकींच्या किती जवळ आहेत ते बघावं लागतं.

खाडाखोड

मग मी हे शिकतेय कशाला 😅

आकडेमोडकाका

रात्रपाळी, पोरीला घाबरवू नकोस. आकडे असतील तर तू म्हणतोस ते खरं, पण आकड्यांच्या जागी अक्षर असेल तर हा नियम किती कामाचा आहे बघ.

ग·क्ष + य = १
क्ष + ग·य = १

ग च्या कुठल्या किमतीला किती उत्तरं? चल घालवत गेलीस तर मध्येच ग ने भागायला जाशील आणि तेवढ्यात आठवेल की ग शून्य असला तर? मग तिथे एक फाटा. डिटरमिनंटने सगळे प्रसंग एका नजरेत दिसतात. खाडाखोड, हे तूच कर आणि इथे लिही. घाईघाईत, तू मध्ये बोलायचं नाही.

जुनीवही

हे होईपर्यंत एक अवांतर, मला जुन्या गोष्टींचा नाद आहे. क्रेमर हा जिनिव्हाचा गणितज्ञ, त्याने हा नियम १७५० साली वक्ररेषांवरच्या एका जाडजूड पुस्तकात दिला आणि तोही परिशिष्टात. त्याला समीकरणं सोडवायची हौस नव्हती, दिलेल्या बिंदूंमधून जाणारा वक्र हवा होता. पाच बिंदू दिले की त्यांतून जाणारा शांकव (वर्तुळ, लंबवर्तुळ, परवलय असल्यांपैकी एक वक्र) शोधायला पाच सहगुणक काढावे लागतात, म्हणजे पाच समीकरणं. तिथे सरळ सूत्र असेल तर बरं, म्हणून हा खटाटोप.

गंमत म्हणजे आपण ज्या दोन उभ्या रेघांमध्ये आकडे कोंबतो त्या त्याच्याकडे नव्हत्याच, त्या केली नावाच्या गणितज्ञाने १८४१ साली आणल्या, आणि मॅट्रिक्स (आकड्यांचं चौकोनी कोष्टक) हा शब्दच सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये वापरला, नियमानंतर शंभर वर्षांनी. क्रेमर पदं नुसती ओळीने लिहायचा आणि कुठल्या पदाला अधिक नि कुठल्याला उणे हे क्रम किती ठिकाणी उलटा झालाय ते मोजून ठरवायचा. बरं, दोन आणि तीन चलांसाठी हाच नियम मॅक्लॉरिनच्या बीजगणिताच्या पुस्तकात १७४८ ला छापून आला होता, लेखक जाऊन दोन वर्षं झाल्यावर. आणि त्याच्याही आधी जपानमध्ये सेकी १६८३ ला आणि युरोपात लायब्निट्स १६९३ च्या एका पत्रात डिटरमिनंटपर्यंत पोचलेच होते. नाव मात्र क्रेमरचं लागलं.

घाईघाईत

म्हणजे उणे चिन्ह चुकवायची परंपरा १७५० पासूनची आहे तर. (काका मी मध्ये बोललो नाही, हे अवांतरावर होतं.)

खाडाखोड

केलं काका. हे घ्या.

डी = ग² − १
डी-क्ष = १ × ग − १ × १ = ग − १
डी-य = ग × १ − १ × १ = ग − १

डी = (ग − १)(ग + १), म्हणून ग १ नसेल आणि −१ पण नसेल तर क्ष = य = (ग − १)/((ग − १)(ग + १)) = १/(ग + १).

ग = −१ ला डी शून्य पण डी-क्ष = −२, म्हणजे उकल नाही. घालून पण बघितलं, −क्ष + य = १ आणि क्ष − य = १, बेरीज केली की ० = २, आलंच.

ग = १ ला सगळे शून्य. इथे मी लगेच अनंत लिहिणार होते, मग मजले आठवले आणि मूळ समीकरणांत ग = १ घातला. दोन्ही क्ष + य = १ च झाली, एकच समीकरण दोनदा. म्हणून क्ष = त, य = १ − त, अनंत उत्तरं.

आणि ग = ० ला सूत्राने क्ष = य = १ यायला पाहिजे, मूळ समीकरणं य = १ आणि क्ष = १ अशी होतात. बरोबर ना?

आकडेमोडकाका

बरोबर. ग = ० मी सांगितला नव्हता, तो तू स्वतःहून तपासलास.

ताळाकर

एकच बारीक गोष्ट, १/(ग + १) लिहिताना (ग − १) वर-खाली कापलास, तिथे शेजारी "ग = १ सोडून" असं कंसात लिही. खाली वेगळा प्रसंग घेतलायस हे मला दिसतंय, पण पेपर तपासणारा त्या ओळीवरच थांबेल आणि अर्धा मार्क कापेल.

खाडाखोड

लिहिलं. आता चार चलांचं एक गणित समोर आहे, क्रेमरने करू की एक एक चल घालवत?

रात्रपाळी

घालवत.

उणेचिन्ह

घालवत. पण क्षखाली क्ष.